जुन्या १९११ मध्ये काय बदलावं, काय राहू द्यावं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण १९११ पिस्तुलाचा इतिहास छापला होता, म्हणजे जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, २९ मार्च १९११ ला अमेरिकन आर्मीनं स्वीकारलं, .४५ एसीपी काडतूस, सात गोळ्यांचं मॅगझिन, आणि १९८५ ला बेरेटा एम९ आलं तोवर तेच तिथलं अधिकृत पिस्तूल. त्यावर जी पत्रं आली ती जवळजवळ सगळी एकाच सुरातली: इतिहास ठीक आहे हो, पण आमच्याकडे आहे त्यात बदल काय करू ते सांगा. त्यातले काही प्रश्न घेतोय.

आधी दोन गोष्टी, म्हणजे प्रत्येक उत्तरात परत लिहायला नकोत. बॅरल (नळी), स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग), फ्रेम (खालचा सांगाडा) हे भाग बऱ्याच देशांत सुटेसुद्धा शस्त्र म्हणूनच धरले जातात, त्यामुळे काही मागवायच्या आधी लायसन्सचे नियम बघा, आणि नंबर असलेल्या जागेला कानस, पॉलिश काहीही लावू नका. दुसरं म्हणजे खाली जिथे तपासणी सांगितलीय तिथे मॅगझिन बाहेर, चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) डोळ्यानं बघून वर बोट घालून तपासलेलं, आणि खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत, असं धरूनच वाचा.

प्रश्न: आजोबांचं १९११ए१ (१९११ ची सुधारलेली आवृत्ती) माझ्या लायसन्सवर आलंय. फिनिश बरंच उडालंय, साइट अगदी बारीक आहेत, काही दिसत नाही. नवीन ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर), मोठे साइट, लांब शेपटीची ग्रिप सेफ्टी (हँडलच्या मागची, मुठीत दाबली तरच ट्रिगर चालू देणारी पट्टी) असं सगळं एकदम करून घ्यावं म्हणतोय. काय वाटतं?

थांबा हो. आधी स्लाइडवर काय कोरलंय ते भिंग घेऊन वाचा. दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल फक्त कोल्टनं नाही बनवलं, टाइपरायटरवाली रेमिंग्टन रँड, इथाका, रेल्वे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नल, एवढंच काय शिलाई मशीनवाल्या सिंगरनंही बनवलं, आणि सिंगरची फक्त ५०० निघाली. ती ५०० कलेक्टर लोक कशी शोधतात ते बघण्यासारखं असतं. तुमचं सिंगर असेलच असं नाही, बहुतेक नसेलच, पण युद्धाच्या काळातलं कुठलंही पिस्तूल जसं होतं तसं असलं की त्याची किंमत त्या उडालेल्या फिनिशसकटच असते. एकदा बफिंगवर धरून चकचकीत ब्लूइंग केलं की अक्षरांच्या कडा गोल होतात, इन्स्पेक्टरचे छोटे शिक्के पुसट होतात, आणि ते परत आणायची कुणाकडेच सोय नाही. त्यातून युद्धकाळातल्या बऱ्याच पिस्तुलांवर मुळात ब्लूइंग नव्हतंच, राखाडी-हिरवट पार्कराइझिंग होतं, म्हणजे तुम्ही जे "नव्यासारखं" करणार ते नवं असतानाही तसं नव्हतं.

मोठ्या साइटचंही तेच. जुन्या स्लाइडवर पुढचा साइट एका छोट्या भोकात बसवून आतून ठोकून पक्का केलेला असतो. आजचे रुंद साइट बसवायचे तर स्लाइडवर मिलिंग करून डोव्हटेलची खाच पाडावी लागते, आणि खाच बुजत नाही. शिवाय जुन्या काळच्या, खासकरून पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या स्लाइड आजच्या मानानं मऊ असतात, त्यावर हजारो गोळ्या मारायच्याच नाहीत तर महागडे साइट कशाला.

मी असतो तर हे केलं असतं: आतून नीट साफ, सगळ्या स्प्रिंग नव्या, एखाददोन नवीन मॅगझिन, वरून हलका तेलाचा हात, आणि काढलेले जुने पार्ट एका डबीत चिठ्ठी लावून. अधूनमधून साध्या गोळ्यांची एखाददुसरी मॅगझिन मारा. आणि बदलायची हौस असेल तर त्यासाठी आजच्या बनावटीचं वेगळं १९११ घ्या आणि त्याला हवं ते करा, त्यानं कुणाचं काही जात नाही.

प्रश्न: नवीन १९११ घेतलंय, साधं मॉडेल. सुरुवात कुठून करू? मित्र म्हणतो आधी मॅच (म्हणजे स्पर्धेचा) ट्रिगर टाक.

मित्राला सांगा आधी ते न अडकता चालू दे. १९११ च्या मार्चमधल्या आर्मीच्या चाचणीत ६,००० गोळ्या मारल्या होत्या आणि पिस्तूल एकदाही अडकलं नाही, गरम झालं की पाण्यात बुडवून पुढे चालू. पण त्या सगळ्या गोल टोकाच्या साध्या गोळ्या होत्या, आणि डिझाइन त्याच गोळीसाठी होतं. आज आपण रुंद तोंडाच्या होलो पॉइंट घालतो आणि मग अडकलं की पिस्तुलाला शिव्या.

अडकत असेल तर पहिला संशय मॅगझिनवर. वरच्या दोन ओठांची वळणं गोळी कधी सोडायची ते ठरवतात, ती जराशी फाकली की गोळी वेळेआधीच सुटते आणि नीट आत न जाता अडकते. मॅगझिनांना नंबर घाला, कुठल्या नंबरला अडकलं ते लिहून ठेवा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

दुसरा संशय एक्स्ट्रॅक्टरवर, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या हुकावर. यातला एक्स्ट्रॅक्टर म्हणजे स्प्रिंग स्टीलची एक लांब काडी, तिला वेगळी स्प्रिंग नाही, ती स्वतःच थोडी वाकवून ताण दिलेला असतो. स्लाइड काढा, एक डमी काडतूस घ्या, त्याची मागची कड खालून सरकवून हुकाखाली घाला. स्लाइड हळू हलवली तर काडतूस टिकलं पाहिजे, जोरात झटकली तर पडलं तरी चालेल. आपोआप गळून पडत असेल तर ताण कमी, आत सरकवायलाच अंगठ्यानं जोर लागत असेल तर जास्त. हा ताण बिघडवायचा हमखास मार्ग म्हणजे एक गोळी हातानं थेट चेंबरमध्ये टाकून वरून स्लाइड सोडायची, मग हुकाला कडेवरून उडी मारून पुढे जावं लागतं. पुष्कळ लोक हेच करतात आणि मग रिकामी पुंगळी आत का राहते म्हणून विचारतात. गोळी कायम मॅगझिनमधून जाऊ द्या.

तिसरं, रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे मागे गेलेली स्लाइड पुढे आणणारी. पाच इंची बॅरल आणि साध्या .४५ ला १६ पौंडाची. "जास्त ताकदीची घातली की पिस्तूल जास्त टिकतं" असं ऐकून लोक २० ची घालतात, मग स्लाइड पुढे इतकी आपटते की नळीचं तोंड खाली जातं आणि मॅगझिनला पुढची गोळी वर आणायला वेळच मिळत नाही. १६ चीच ठेवा आणि दोन-तीन हजार गोळ्यांनी नवी टाका.

आणि एक, हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कुणीतरी करतंच: फ्रेमचा रॅम्प (गोळी वर चढते तो उतार) आणि बॅरलचा रॅम्प या दोघांमध्ये साधारण १/३२ इंचाची पायरी असते, बॅरल मागे सरकलेलं असताना दिसते. ती पायरी मुद्दाम ठेवलेली आहे. छोट्या ग्राइंडरनं घासून दोन्ही एकसंध चकचकीत करू नका, दिसायला फार छान दिसतं आणि नंतर पिस्तूल आधीपेक्षा जास्त अडकतं.

प्रश्न: माझा हात मोठा आहे. दर वेळी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधली कातडी हॅमरखाली चिमटते, रक्त येतं. बीव्हरटेल (लांब शेपटीची ग्रिप सेफ्टी) बसवावीच लागेल का?

ही तक्रार पिस्तुलाइतकीच जुनी. १९२० च्या दशकात ए१ करताना आर्मीनं याचसाठी ग्रिप सेफ्टीची शेपटी लांब केली आणि हॅमरचा दांडा आखूड केला. त्यामुळे आधी स्वस्तातलं बघा: लांब दांड्याचा हॅमर असेल तर गोल रिंगचा कमांडर पद्धतीचा हॅमर चालतो का ते गनस्मिथकडून तपासून घ्या, बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. पण हॅमर बदलला की सीअरशी (हॅमरला मागे अडवून धरणारा तुकडा) त्याचा मेळ नव्यानं बसवावा लागतो, नुसता काढला-घातला असं होत नाही.

बीव्हरटेल खरंच आरामाची असते, हात वर पकडता येतो आणि धक्का सरळ मागे येतो. शिवाय तिच्यावर खाली एक उंचवटा असतो, ज्यांना अंगठा सेफ्टीवर ठेवायची सवय आहे त्यांचा तळवा ग्रिप सेफ्टीपासून सुटतो आणि ट्रिगर ओढला तरी काही होत नाही, त्यांना त्या उंचवट्याचा उपयोग. पण ती नीट बसायला फ्रेमची मागची दोन टोकं पाव इंच त्रिज्येच्या गोलाईत घासावी लागतात. न घासता बसणाऱ्या मिळतात, मध्ये फट राहते, दिसायला बेकार पण फ्रेम शाबूत. नवीन पिस्तूल असेल तर घासून घ्या, जुनं असेल तर फटवाली. तुमचं कुठलं ते लिहिलं नाहीत.

प्रश्न: २५ मीटरवर माझ्या गोळ्या कायम खाली लागतात, तीन इंच तरी. मागचा साइट उंच टाकू का?

आधी गोळ्या कुठे लागतायत ते नीट बघा. उजव्या हातानं मारता आणि गोळ्या खाली-डावीकडे जातायत, तर साइटचा संबंध नाही, तुम्ही ट्रिगरला झटका देताय किंवा आवाजाच्या आधीच मनगट खाली दाबताय. एखाद्या मित्राला तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये मध्येच एक डमी घालायला सांगा. डमी आली की नळी खाली डुबकी मारते का ते दोघांनाही दिसेल, आणि मग लपवता येत नाही.

सँडबॅगवर टेकवून, दुसऱ्या कुणी मारूनही घोळका तिथेच खाली पडत असेल, तर मग साइट. उंच मागचा टाकता येतो, पण साध्या पिस्तुलात सोपं म्हणजे पुढचा साइट बुटका करणं, कारण पुढचा बुटका झाला की तो जागेवर दिसायला नळी वर उचलावी लागते. किती बुटका, त्याचं गणित सरळ आहे: किती खाली लागतंय गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. तुमचे तीन इंच म्हणजे ७५ मिलिमीटर धरू, दोन साइटमध्ये साधारण १६५ मिलिमीटर, आणि २५ मीटर म्हणजे २५,००० मिलिमीटर. उत्तर येतं अर्धा मिलिमीटर. बस, एवढंच. म्हणून कानस घेऊन बसाल तर चार-पाच हलके हात मारा, टेप लावून पुन्हा मारून बघा, परत चार हात. एकदा जास्त गेलं की नवीन साइटच आणायचा.

डावी-उजवीकडे जात असेल तर मागचा साइट ज्या बाजूला गोळी न्यायचीय त्याच बाजूला सरकवायचा. पितळेच्या किंवा नायलॉनच्या ठोकणीनं. लोखंडी स्क्रूड्रायव्हर लावून हातोडी मारलेले साइट इतके बघितलेत की आता काही बोलत नाही.

प्रश्न: ट्रिगर हलका करायचाय, दोन पौंडापर्यंत. व्हिडिओ बघून घरी जमेल का?

नाही जमणार, आणि जमलं असं वाटलं तर जास्त काळजी वाटेल. आर्मीच्या मूळ पिस्तुलात ट्रिगर साधारण पाच ते साडेसहा पौंडांचा असायचा. अमेरिकेतल्या बुल्सआय स्पर्धेत, जिथे लोक एका हातानं ५० यार्डांवर मारतात, तिथेसुद्धा .४५ ला किमान साडेतीन पौंड लागतो. म्हणजे आयुष्यभर मारणारी माणसं साडेतीनवर खूश आहेत आणि तुम्हाला दोन पाहिजे.

१९११ चा ट्रिगर लोकांना आवडतो तो हलका असतो म्हणून कमी, सरळ मागे जातो आणि स्वच्छ तुटतो म्हणून जास्त. तो स्वच्छपणा येतो हॅमरच्या दोन बारीक आकड्यांवर सीअरची धार कशी बसते त्यावर. ते आकडे मिलिमीटरच्या निम्म्याएवढे उंच असतात. त्यावर हातानं दगड फिरवला आणि कोन जरासा बिघडला की आज छान वाटतं, शंभर गोळ्यांनंतर स्लाइड पुढे आपटली की हॅमर मागे राहत नाही, अर्ध्यावर येऊन अडकतो. याहून वाईट म्हणजे एकदा ट्रिगर ओढला आणि दोन गोळ्या सुटल्या. असं कधीही झालं तर तिथेच थांबायचं, मॅगझिन काढायचं आणि पिस्तूल गनस्मिथकडे, "परत होतंय का बघू" म्हणून अजून एक मॅगझिन मारायची नाही.

तुम्हाला करता येण्यासारखं म्हणजे बोटाच्या लांबीप्रमाणे लांब किंवा आखूड ट्रिगर, तोही हलक्या ॲल्युमिनियमचा, कारण जड ट्रिगर स्लाइड आपटली की स्वतःच्या वजनानं मागे येऊन सीअरला धक्का देतो. आणि हँडलच्या मागचं मेनस्प्रिंगचं घर, सपाट किंवा फुगीर. डोळे मिटून पिस्तूल लक्ष्याकडे धरा, मग उघडा. नळी दरवेळी वर बघत असेल तर सपाट घालून बघा, खाली बघत असेल तर फुगीर. यात काही कापायचं नाही, पिन काढायची आणि बदलायचं, नाही आवडलं तर जुनं परत. कोल्टचं १९८३ नंतरचं सीरीज ८० असेल तर आत फायरिंग पिन अडवणारा एक खटका आणि ट्रिगर ओढल्यावर तो उचलणाऱ्या दोन छोट्या पट्ट्या असतात. "त्या काढल्या की ट्रिगर सुधारतो" म्हणणारे भेटतील. काढू नका, पिस्तूल खाली पडलं तर गोळी सुटू नये म्हणूनच त्या आहेत.

आतलं काहीही उघडून परत लावलं की ही तपासणी करायचीच. रिकामं पिस्तूल, हॅमर मागे, अंगठ्याची सेफ्टी वर, ट्रिगर घट्ट ओढा आणि सोडा. सेफ्टी खाली करा. हॅमर पडला नाही पाहिजे. आता पिस्तूल कानाजवळ न्या आणि अंगठ्यानं हॅमर अगदी हळू थोडा मागे ओढा. बारीक "टिक" ऐकू आली तर समजा सेफ्टी लावलेली असतानाही सीअर सरकला होता आणि आता जागेवर परत गेला, म्हणजे सेफ्टी नीट बसलेली नाही. पूर्ण शांत असेल तर ठीक. मग हेच ग्रिप सेफ्टीसाठी, हँडल न दाबता ट्रिगर ओढून.

प्रश्न: फुल लेंथ गाइड रॉड (रिकॉइल स्प्रिंगच्या आतला लांब दांडा) टाकावा का?

नको. अचूकता वाढते म्हणतात, मला तरी टार्गेटवर कधी दिसली नाही, उलट काही रॉडना उघडायला ॲलन की लागते. मूळचा आखूड गाइड पुरतो.

प्रश्न: लाकडी ग्रिप बदलायला गेलो तर स्क्रूबरोबर फ्रेममधलं बुशिंगच (ग्रिपचा स्क्रू ज्यात बसतो ते) बाहेर आलं. वाट लागली का?

नाही, नेहमीचं आहे. स्क्रू बुशिंगमध्ये गंजून किंवा चिकटून बसतो. बुशिंग पक्कडमध्ये धरू नका, आटे चेपतात. फडक्यात गुंडाळून लाकडाच्या दोन तुकड्यांत धरा आणि स्क्रू सोडवा. परत लावताना बुशिंगच्या बाहेरच्या आट्यांना थ्रेडलॉकर (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव), स्क्रूला नाही. नवीन ग्रिप पातळ असतील तर त्यांना आखूड बुशिंग लागतात हे आधी बघा. आणि ग्रिप उतरल्याच आहेत तर डाव्या बाजूला सेफ्टीच्या पुढची छोटी नळी, प्लंजर ट्यूब, बोटानं हलवून बघा. हलत असेल तर सेफ्टी मध्येच अडकू शकते, ती आधी पक्की करून घ्या.

प्रश्न: बॅरल बुशिंग ढिलं आहे, हातानं हलतं. मॅच बॅरल घालून किती फरक पडेल?

एकदम मॅच बॅरलवर जाऊ नका, आधी नुसतं बुशिंग बदला. अचूकतेत नळीचं पुढचं टोक दरवेळी त्याच जागी येणं याचा वाटा मोठा आहे आणि ते काम बुशिंग करतं. स्लाइडमध्ये घट्ट, नळीवर जेमतेम सरकेल असं, पाना लावून फिरवावं लागेल एवढं. कोल्टच्या सीरीज ७० मध्ये बोटांसारख्या फाकलेल्या पट्ट्यांचं बुशिंग यायचं, नळी छान धरायचं पण बोटं तुटायची, तसलं असेल तर साधं सॉलिड बसवून घ्या. उघडताना चष्मा घाला, बुशिंग फिरलं की स्प्रिंगचं टोपण गोळीसारखं सुटतं. आणि जोडताना स्लाइड स्टॉप तिरका सरकवू नका, फ्रेमवर अर्धगोल ओरखडा पडतो, तो बघून जाणकार लगेच हसतात.

कुणी सांगेल नळीखालची लिंक (नळी फ्रेमला जोडणारी छोटी कडी) लांब टाका, नळी वर घट्ट दाबली जाते. दाबली जाते खरी, पण नळीचा सगळा भार मग खालच्या लगवर (नळीच्या उंचवट्यावर) न बसता त्या छोट्या लिंकवर आणि तिच्या पिनेवर येतो आणि कधीतरी काहीतरी तुटतं. मॅच बॅरल घालायचंच तर वरचे लग, खालचे लग, मागचं हूड सगळं कानशीनं बसवणारा माणूस बघा.

प्रश्न: .४५ ची गोळी परवडत नाही. सरावासाठी .२२ ची किट घेऊ की दुसरं .२२ पिस्तूल?

किट. कोल्टनं १९३० च्या दशकातच .२२ चं 'एस' (Ace) मॉडेल काढलं होतं ते याचसाठी, जवानांना त्याच हँडलवर स्वस्तात सराव मिळावा म्हणून. किटमध्ये स्लाइड, नळी, मॅगझिन बदलतं, खालची फ्रेम आणि ट्रिगर तुमचाच राहतो, म्हणजे बोटाला त्याच ट्रिगरची सवय लागते. धक्का अर्थातच नसतो, म्हणून प्रत्येक वेळी शेवटी एक मॅगझिन .४५ ची मारा. बहुतेक किटना वेगानं जाणारी .२२ लागते, साध्या मंद गोळीनं स्लाइड पूर्ण मागे जात नाही. आणि किटची नळी-स्लाइड लायसन्सवर वेगळी चढवावी लागते का ते तुमच्याकडच्या नियमांत बघूनच मागवा.